कीबोर्ड सापडत नाही

काळ्या पडद्यावर पांढरं वाक्य:
कीबोर्ड सापडत नाही.
पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.

वस्ताद मोहिते तीन दिवस एफ-वन दाबतायत,
इतक्या श्रद्धेने
की कळीवरचा एफ पुसट झालाय.

मी स्कूटर आखाड्याच्या फाटकाशी लावते.
दांडिया बाजाराचा गोंगाट इथवर येतो आणि मातीत बसतो.
पोरं मल्लखांबाला एरंडेल चोळतायत.
एकजण ओरडतो, "बेन, आ तो मरी गयुं!"
मेलेलं नसतं रे.
सव्वीस वर्षं हेच करतेय मी,
शंभरातली नव्वद यंत्रं
नुसती कुठेतरी सुटलेली असतात.

डबा पुढे ओढते. मागे अंधार, तांबडी माती,
दुधाचं जुनं बिल, पालीची दोन अंडी.
अंडी तशीच ठेवते.
शेजारीशेजारी दोन गोल भोकं,
ओढणीच्या टोकाने पुसल्यावर रंग वर येतात:
जांभळं कीबोर्डचं, हिरवं माउसचं.
घातलेत उलटे.
आणि घातलेत चालू यंत्रात, हे विचारायलाच नको.
आधी बंद. मग जोड. मग सुरू.

तेच वाक्य.

माझ्या पिशवीतला कीबोर्ड लावून बघते. चालतो.
म्हणजे भोक शाबूत, दुखणं वायरीत.
एका वेळी एकच गोष्ट बदलायची,
नाहीतर बरं कशाने वाटलं ते कधीच कळत नाही.
पण माझा इथे ठेवता येत नाही,
उद्या पाणीगेटच्या दवाखान्यात तोच लागतो.

त्यांचा प्लग उजेडात धरते.
सुईएवढ्या सहा पिना,
त्यातली एक शेजारणीच्या खांद्यावर रेललेली.
"जोर कुणी लावला?"
वस्ताद स्वतःच्या पंजाकडे बघतात.
"जात नव्हता. म्हटलं, जाईल."

रिकाम्या रिफिलचं टोक पिनेवर चढवायचं
आणि तिला उभी करायची.
एकदा, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा मोडते.
माझा हात हल्ली थरथरतो.
चष्मा बदलून झाला, हात कुठून बदलू?
रिफिल टेकवते, काढते, टेकवते, काढते.

"द्या इकडे."

मला हसू येतं. तो पंजा!
पण याच पंजाकडे मांजलपूरहून, फतेगंजहून
लोक निखळलेले खांदे घेऊन येतात.
वस्ताद खाली बसतात, श्वास सोडतात,
पिनेशी काहीतरी पुटपुटतात,
बहुतेक तेच, जे रडणाऱ्या पोरांना विचारतात,
"वर बघ, पंखा कुठल्या बाजूने फिरतोय?"

आणि ती उभी होती.

"खांद्याचंही तेच," वस्ताद म्हणतात.
"ताठ असेल तर मी हात लावत नाही.
आधी सैल पडू दे."
आधी बंद, मग जोड, असं मी सव्वीस वर्षं सांगतेय,
कुणी एवढ्या सोप्यात सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी बक्षीस समारंभ, बेचाळीस प्रमाणपत्रं.
प्रिंटरच्या वायरीचे दोन स्क्रू
आल्या दिवसापासून कुणी आवळलेच नव्हते.
आवळले. किर्र, किर्र,
भोकाभोकांचा कागद वर चढू लागला,
तेलकट हात दाराशी गोळा झाले.

निनाद ढमढेरे, मल्लखांब, द्वितीय.
सगळ्यात वरची सुई मेलेली होती.
ती माझ्याकडे नाही, आता कुणाकडेच नाही.
शिरोरेषा उमटतच नाही.
अक्षरं उघड्या डोक्याची,
आख्खा ढमढेरे जवळजवळ गुजराती.

माफी मागायला मी तोंड उघडते.
निनाद वाचतो. "बराबर तो छे," म्हणतो.

वस्ताद ड्रॉवरमधून फूटपट्टी काढतात,
काळं पेन झटकतात, पहिला कागद सरळ करतात.
"बेचाळीस," ते म्हणतात.
"बाई, तुम्ही पट्टी धरा."